दम आणि दमणूक : कामाच्या जागी शरीर व मन यांचे आरोग्य

निर्गमाच्या सहाव्या अध्यायातील नवव्या वचनावर प्रवचन झालेले आमच्या ऐकिवात क्वचितच आहे. त्याच्या अगोदरची वचने इतकी थोर आहेत की हे लहानसे वचन त्यांच्या छायेत झाकून जाते. देव मोशेला आपले नाव प्रगट करतो, पूर्वजांशी केलेल्या कराराचे स्मरण देतो, मिसऱ्यांच्या ओझ्याखालून तुम्हांस काढीन असे अभिवचन देतो. मोशे हा सारा निरोप लोकांकडे नेतो. आणि लोक तो ऐकत नाहीत. शास्त्रलेखक त्यांच्यावर अविश्वासाचा दोष ठेवीत नाही, मूर्तिपूजेचाही ठेवीत नाही. तो दोनच कारणे नोंदवितो. एक, कठीण श्रम. आणि दुसरे, इब्री भाषेत ज्याला ‘कोत्सेर रूआह’ म्हटले आहे ते, म्हणजे शब्दशः ‘रूआहचा आखूडपणा’.

रूआह हा शब्द आमच्या वाचकांस नवा नाही. वारा, श्वास आणि आत्मा हे तिन्ही अर्थ त्यात एकत्र नांदतात. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात येथे ‘लहान झालेले मन’ अशा अर्थाचा शब्द योजिला आहे आणि पुढील काळातील बरीच भाषांतरे त्याच वाटेने गेली आहेत. तो अर्थ चुकीचा नव्हे. परंतु त्यात श्वास हरवतो. मुळात श्वास आखूड झाला की आत्मा खचला, हा भेदच केलेला नाही. मराठीत या शब्दाच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द आम्हांस ‘दम’ हा वाटतो. जिना चढताना दम लागतो, धुरात दम कोंडतो. आणि दुसऱ्या बाजूस संकटात माणसाला दम धरवत नाही, एखाद्याच्या अंगी आता काही दम राहिला नाही असे आपण म्हणतो. व्युत्पत्तिकार ‘दम’ आणि ‘दमणे’ यांची कुळे वेगळी दाखवितील, पण बोलणाऱ्याच्या तोंडी ती एकाच घरात राहतात. दमलेला माणूस शरीराने दमला की मनाने, असे आपण त्यास सहसा विचारीत नाही.

या वचनाला पार्श्वभूमी आहे ती पाचव्या अध्यायाची. फारोने विटांसाठी लागणारे गवत देणे बंद केले. ते लोकांनीच गोळा करून आणावे, आणि विटांची संख्या मात्र रोजची तीच राहावी, असा हुकूम काढला. संख्या भरली नाही म्हणून मुकादमांनी लोकांवर नेमलेल्या नायकांस मार दिला. आजच्या कारखान्यांत व कचेऱ्यांत ज्यास ‘टार्गेट’ म्हणतात त्याची याहून स्पष्ट व्याख्या आमच्या पाहण्यात नाही : साधने कमी, अपेक्षा तीच, आणि दोष खालच्या माणसाचा. अशा श्रमाने लोकांचा दम आखूड झाला व सुटकेचा निरोपही त्यांच्या कानांत शिरेना. मंडळीत काम करणाऱ्या ज्यांना ज्यांना असे वाटते की लोक ऐकत नाहीत, त्यांनी ऐकणारा माणूस आठवडाभर कोठे व कसा राबतो, हे एकदा पाहावे, यासाठी हा लेख आहे. आरोग्य हा वैद्यांचा विषय खरा. पण जेथे दम हा शब्द श्वास व आत्मा या दोहोंना लागू पडतो तेथे पाळकाला बाजूस होता येत नाही.

उदाहरणासाठी आम्ही इंदूर घेत आहो. महाराष्ट्रातील वाचकांस हे शहर परके नाही. होळकरांच्या राजवटीमुळे तेथे मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. परंतु राजवाड्याचे इंदूर निराळे आणि गिरण्यांचे इंदूर निराळे. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळी संस्थानच्या स्वतःच्या गिरणीपासून आरंभ झाला. विसाव्या शतकात मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार व नंदलाल भंडारी या गिरण्यांच्या धुरांड्यांनी शहराचा पूर्व व उत्तर भाग व्यापला. परदेशीपुऱ्यासारख्या वस्त्या या गिरण्यांमुळे वाढल्या. पुढे नंदानगर वसले, तेथे कामगार विम्याचे रुग्णालय उभे राहिले. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरणी-कामगारांनी काढलेल्या झांक्या पाहण्यास सारे शहर लोटत असे, आणि गिरण्या बंद पडल्यानंतरही ती प्रथा कामगारांनी सोडली नाही.

कापसाच्या गिरणीत श्वासाचे काय होते हे समजून घेण्याजोगे आहे. गासड्या फोडून कापूस पिंजण्याचे काम ब्लो-रूममध्ये व त्यापुढील कार्डिंग खात्यात होते. कापसाच्या बोंडाबरोबर आलेला पानांचा, देठांचा, मातीचा बारीक कचरा तेथे हवेत उडतो. धागा तुटू नये म्हणून गिरणीतील हवा दमट राखावी लागते, आणि ती दमट राहावी म्हणून खिडक्या बंद. या धुळीत वर्षानुवर्षे काम केल्याने जो छातीचा विकार होतो त्यास वैद्यकात बिसिनोसिस म्हणतात. कायद्याने तो व्यावसायिक रोग मानलेला आहे, म्हणजे त्याबद्दल भरपाई मिळण्याचा हक्क आहे. त्याचे लक्षण मोठे विलक्षण. साप्ताहिक सुटीनंतर कामगार पहिल्या दिवशी कामावर जातो आणि काही तासांत त्याची छाती आवळू लागते, धाप लागते, खोकला येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते कमी होते. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. काही वर्षांनी दोन दिवस, मग तीन दिवस, आणि अखेरीस सुटीच्या दिवशीही छाती मोकळी होत नाही. या अवस्थेला पोहोचल्यावर औषधाने फारसे काही साधत नाही. आरंभीच ओळखून धुळीच्या खात्यातून माणूस हलविला तर मात्र तो वाचू शकतो.

म्हणजे रोगाची पहिली साक्ष विसाव्याच्या दिवसामुळे मिळते. शरीर धुळीला सरावलेले असते. एक दिवस मोकळी हवा मिळाली की ते पुन्हा विरोध करू लागते. ज्याला विसावाच नाही त्याचे दुखणे उघडकीस येण्यास उशीर होतो. घरातली माणसे मात्र म्हणतात की सुटीच्या दिवशी हिंडला-फिरला, बाहेरचे खाल्ले म्हणून बाधले. मालकाचा माणूस म्हणतो की सुटी घेतली की यांना कामाचा कंटाळा येतो. आमच्या मते सुटीनंतरच्या दिवशी येणारी तक्रार ही आळसाची खूण समजण्यापूर्वी पाळकाने हा रोग आठवावा. गिरण्या गेल्या तरी जिनिंगचे कारखाने, पिंजाऱ्यांची दुकाने, गाद्या-रजयांचे धंदे आहेतच.

विणकामखात्यातील दुसरे दुखणे कानाचे. शेकडो माग एकत्र चालू असता शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही, ओठांच्या हालचालींवरून व खुणांनी बोलावे लागते. असा कामगार काही वर्षांनी घरी मोठ्याने बोलू लागतो. आवाजाच्या माऱ्याने जाते ती प्रथम उंच पट्टीची श्रवणशक्ती, म्हणून बायकांचे व मुलांचे बोलणे त्यास नीट कळेनासे होते. तो पुन्हापुन्हा विचारतो, मग चिडतो, मग गप्प बसतो. घरचे त्याला तापट म्हणतात. अशा घरात जाऊन आपण सौम्यतेवर बोललो तर ते कोरडे वाटेल. त्याच्या कानांची तपासणी करून घ्या म्हटले तर कदाचित त्या घरात थोडी शांती येईल.

येथे साप्ताहिक सुटीचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण तो आपल्या लोकांस माहीत नसतो. रविवारची सुटी इंग्रज सरकारने चर्चसाठी दिली, अशी एक समजूत ख्रिस्ती लोकांतही आढळते. सरकारी कचेऱ्यांपुरती ती खरी असेल, गिरण्यांत नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत यंत्रे साफ करण्यासाठी सुटीच्या दिवशीही अर्धा दिवस बोलावीत, आणि अनेक ठिकाणी सुटी नव्हतीच. ती मिळविली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ते जोतीराव फुले यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी-कामगारांच्या सभा भरवून हजारो सह्यांचा अर्ज तयार केला : आठवड्यास एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, ठरल्या दिवशी पगार, आणि कामावर जखमी झालेल्यास भरपाई. १८९० साली २४ एप्रिलला महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले व त्यात दोन स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तो मागितला असेही सांगितले जाते. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाचे कारण दिले आहे ते दासालाही आपल्यासारखाच विसावा मिळावा हे. ती आज्ञा मुंबईच्या गिरण्यांत प्रत्यक्षात आणण्याचे काम आपल्यापैकी कोणी केले नाही, लोखंड्यांनी केले. ही गोष्ट नम्रपणे स्मरणात ठेवावी असे आम्हांस वाटते.

कामाचे तास यानंतर फार सावकाश उतरले. १९११ च्या कायद्याने गिरणीतील पुरुष कामगारास दिवसाचे बारा तास ही मर्यादा घातली. १९२२ मध्ये आठवड्याचे साठ, १९३४ मध्ये चौपन्न, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास अठ्ठेचाळीस तास ठरले. १९४८ च्या कारखाना कायद्याने हवा, प्रकाश, धूळ, दमटपणा, पिण्याचे पाणी, मुताऱ्या, पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती या सर्वांची तरतूद केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली असून आठवड्यास अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा तिच्यातही राहिली आहे. ठरावीक वयावरील कामगारांची वर्षातून एकदा विनामूल्य वैद्यकीय तपासणी करण्याची जबाबदारीही मालकावर आहे. ही तपासणी मागावी लागते हे अनेकांस माहीत नसते.

काम माणसाला दमविते, तसे काम नसणेही. याचे इंदूरमधील उदाहरण फार कडू आहे. १२ डिसेंबर १९९१ रोजी हुकुमचंद मिल बंद पडली. ५,८९५ कामगारांचे वेतन, ग्रॅच्युइटी व इतर देणी अडकून पडली. त्यांनी न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने २००७ साली सुमारे २२९ कोटी रुपयांचे देणे ठरवून दिले, तरी गिरणीच्या जमिनीचा वाद व देणेकऱ्यांची रांग यांमुळे पैसे हाती पडेनात. थोडी रक्कम अधूनमधून मिळत गेली. कामगार आठवड्याच्या आठवड्याला गिरणीच्या दाराशी सभा घेत राहिले, आणि सभेतील माणसे दरवर्षी कमी होत गेली. अखेरीस २५ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे नाताळाच्या दिवशी, सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश सुपूर्द करण्यात आला. तोवर बत्तीस वर्षे लोटली होती. दोन हजारांहून अधिक कामगार या काळात मरण पावले आणि काहींनी आत्महत्या केल्या, असे कामगारांच्या पुढाऱ्यांनी सांगितले आहे. अनेकांच्या वाट्याचे पैसे त्यांच्या विधवांनी व मुलांनी घेतले. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी अशी आज्ञा आहे व तिचे कारण दिले आहे की त्याचा जीव तिच्यात गुंतलेला असतो. इंदूरच्या त्या घरांत हे कारण वाचून दाखविले तर त्यावर भाष्य करण्याची गरज पडणार नाही.

गिरणी बंद पडल्यावर मनाचे काय होते याचा एक जुना व प्रसिद्ध अभ्यास आहे. ऑस्ट्रियातील मारियन्टाल नावाच्या गावी सारे गाव एका कापडगिरणीवर जगत होते. ती १९२९-३० च्या सुमारास बंद पडली. मारी याहोदा, पाउल लाझार्सफेल्ड व हान्स झायझेल या अभ्यासकांनी तेथील जीवन पाहून १९३३ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की रिकामा वेळ वाढला असूनही वाचनालयातून पुस्तके नेणे कमी झाले. रस्त्यावरून चालताना पुरुषांची गती मंदावली, ते वारंवार थांबू लागले. स्त्रिया मात्र तशाच लगबगीने चालत, कारण घरचे काम बंद पडले नव्हते. काळाची जाणीवच पुरुषांच्या हातून निसटली होती. नोकरी सुटलेल्या माणसाला ‘आता तुम्हांला मंडळीच्या कामास भरपूर वेळ आहे’ असे म्हणणे किती निष्ठुर आहे, हे या निरीक्षणावरून ध्यानात येईल. त्याला वेळ नव्हे, दिवसाचा आकार हवा असतो. सकाळी दहा वाजता यावयाचे, अमुक हिशेब लिहावयाचा, तो कोणाला तरी लागणार आहे, असे ठरलेले काम त्याला द्यावे; आणि बने तेथे त्याचा मोबदलाही द्यावा.

आता इंदुरात काम गिरण्यांत उरलेले नाही. पीथमपूरचे कारखाने, सुपर कॉरिडॉरवरील संगणक-कंपन्या, दवाखाने, दुकाने, मालाची घरपोच वाटणी करणारी दुचाकीवरील मुले, आणि सराफ्यात रात्री उशिरापर्यंत कढईसमोर उभे असणारे कारागीर. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून हे शहर वर्षानुवर्षे देशात पहिले ठरत आले; त्या स्वच्छतेतील मोठा वाटा रात्रीच्या सफाईचा आहे. शहर झोपते तेव्हा रस्ते झाडले जातात.

रात्रपाळीविषयी वैद्यकशास्त्राने अलीकडे जे सांगितले आहे ते गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००७ साली, व फेरविचार करून पुन्हा २०१९ साली, रात्रपाळीचे काम कर्करोगास बहुधा कारण होणाऱ्या गोष्टींत घातले. दिवसा घेतलेली झोप रात्रीच्या झोपेइतकी दीर्घ व गाढ होत नाही, आणि एका खोलीच्या घरात तर ती होणेच कठीण. रात्रपाळीच्या घरी सकाळी नऊ वाजता भेटीस जाणारा पाळक त्या माणसाची झोप मोडतो. खिडकीला जाड कापड, झोपेची रोज एकच वेळ, पहाटेचा चहा टाळणे, मध्यरात्रीनंतर तळलेले न खाणे, एवढे तरी घरच्यांच्या मदतीने साधता येते. जागे राहण्यासाठी तंबाखू व गुटखा आणि पाळी संपल्यावर झोप यावी म्हणून दारू, ही जोडी अनेक घरांत अशीच शिरली आहे. व्यसनाविरुद्ध बोलणाऱ्याने ती कोणत्या वेळी व कशासाठी लागते हे आधी विचारावे.

बैठ्या कामाचे दुखणे निराळे : मान, कंबर, डोळे, वाढते वजन, साखर. अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चालावे, पडदा डोळ्यांच्या किंचित खाली असावा, जेवण यंत्रासमोर बसून करू नये, ओझे उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यांतून बसावे, उन्हाळ्यात तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. या गोष्टी कोणीही सांगतो, म्हणून येथे विस्तार करीत नाही. परंतु पाणी पिण्यास सांगताना त्या दुकानात काम करणाऱ्या मुलीला लघवीस जाण्याची सोय आहे काय, हे विचारल्यावाचून तो उपदेश करू नये. सोय नसते म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत आणि त्यांची मूत्रमार्गाची दुखणी हे त्याचेच फळ होय.

सर्वांत जास्त हानी कशाने होते? पुष्कळ कामाने, असे उत्तर आपण सहज देऊ. त्यात तथ्य आहे. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार आठवड्यास पंचावन्न किंवा अधिक तास काम करणाऱ्यास, पस्तीस ते चाळीस तास करणाऱ्याच्या तुलनेने, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका सुमारे १७ टक्के अधिक असतो. तथापि केवळ तास मोजून भागत नाही. लंडनच्या सरकारी नोकरांची पाहणी १९६७ मध्ये सुरू झाली व पुढे मायकेल मार्मट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती चालविली. तीत आढळले की हृदयविकाराने वरच्या अधिकाऱ्यांपेक्षा खालच्या पायरीवरचे नोकर अधिक मरतात. १९७९ साली रॉबर्ट कारासेक यांनी मांडले की कामाचा बोजा मोठा आणि ते कसे करावे हे ठरविण्याचा अधिकार मुळीच नाही, अशा जागी माणूस सर्वाधिक खचतो. वेळेवर न मिळणारी शाबासकी, सर्वांसमक्ष होणारी मानखंडना, उद्या काम राहील की नाही याची टांगणी, यांचीही भर पडते. स्त्रियांच्या बाबतीत लैंगिक छळ हे आणखी एक कारण असते, आणि ते त्या बोलत नाहीत. दहा किंवा अधिक माणसे जेथे काम करतात तेथे तक्रार-समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे, त्याहून लहान जागी व घरकाम करणाऱ्या स्त्रियांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, हे तरी धर्मशिक्षिकांनी आपल्या महिला-मंडळात सांगून ठेवावे.

म्हणून मनाचे आरोग्य राखण्याचा सारा भार कामगारावर टाकणे आम्हांस मान्य नाही. प्राणायाम, प्रार्थना, पहाटे फिरणे हे सर्व चांगले, ते करावे. परंतु धूळ तशीच ठेवून माणसाला दीर्घ श्वास घेण्यास शिकविले तर धूळच अधिक आत जाईल. फारोच्या विटा तेवढ्याच राहतात तेथे इस्राएल लोकांच्या चिकाटीवर प्रवचन देणाऱ्याचा मुकादमालाच उपयोग होतो.

एलीयाची कथा येथे उपकारक ठरेल. राजे-ग्रंथाच्या पहिल्या भागातील एकोणिसाव्या अध्यायात तो झुडपाखाली पडून मरण मागतो. ज्या संदेष्ट्याने नुकताच कर्मेलावर विजय मिळविला त्याची ही अवस्था पाहून आपण त्याला विश्वासाविषयी दोन शब्द ऐकविले असते. देवदूत त्याला काही ऐकवीत नाही. तो त्याला झोपू देतो, उठवून भाकर व पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. प्रवास तुझ्या शक्तीबाहेरचा आहे एवढेच त्याला मान्य करून दाखवितो. प्रश्न विचारला जातो तो नंतर, चाळीस दिवसांनी; तोही ‘तू येथे काय करीत आहेस’ असा, आरोप म्हणून नव्हे. आणि शेवटी त्याला मदतनीस दिला जातो, अलीशा. झोप, अन्न, विचारपूस, सोबती, हा क्रम भेटीस जाणाऱ्याने उलटा करू नये.

खचलेपणा आणि आजार यांतील सीमा ओळखणे मात्र अवश्य आहे. कामाच्या थकव्याने आलेली उदासीनता, कामाविषयीची तुच्छता, आपल्या हातून काही होत नाही ही भावना, या अवस्थेला हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली ‘बर्न-आउट’ हे नाव दिले. आरोग्य संघटना ती रोग न मानता कामाशी निगडित अवस्था मानते. विसावा व बदल यांनी ती ओसरते. पण सुटीतही झोप येत नाही, अन्न गोड लागत नाही, आवडत्या गोष्टींत रस उरला नाही आणि हे दोन आठवडे टिकले, किंवा जगण्याचा कंटाळा बोलून दाखविला, तर वैद्याकडे नेण्यास उशीर करू नये. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मानसिक साहाय्याची सरकारी दूरध्वनी-सेवा विनामूल्य चालू आहे व तीवर मराठीत व हिंदीतही बोलता येते. मरण्याचे विचार येतात काय, असे सरळ विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. उलट बोलणाऱ्याचा दम मोकळा होतो.

इटलीतील मोदेना येथे बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे वैद्य होऊन गेले. त्यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. कारकुनांच्या व्याधीही त्यांनी पुढे त्यात घातल्या. जुने वैद्य रोग्यास जे प्रश्न विचारीत आले त्यांत आणखी एकाची भर घालावी, असे त्यांनी सुचविले : तुमचा धंदा कोणता? आपल्या मंडळीच्या नोंदवहीत बाप्तिस्म्याची तारीख असते, दृढीकरणाची असते, लग्नाची असते. कामाची जागा, पाळी, सुटीचा वार यांचा रकाना आम्हांस बहुधा आढळलेला नाही. तो घालावा. त्यावरून भेटीची वेळ ठरेल, उपासनेची दुसरी वेळ ठेवावी की काय हे कळेल, आणि एकाच खात्यातील तीन माणसे खोकत असतील तर तेही दिसेल.

हा रकाना भरताना आपल्याच संस्थांपासून आरंभ करावा लागेल. ख्रिस्ती शाळा, वसतिगृहे, दवाखाने यांतून स्वयंपाकीण, पहारेकरी, आया, सफाई-कामगार राबत असतात. पहारेकऱ्याची पाळी बारा तासांची आहे काय? त्यास आठवड्याची सुटी मिळते, की रविवारी उपासनेच्या वेळी वाहने लावण्यासाठी तोच उभा असतो? स्वयंपाकघरातील धूर बाहेर जातो काय? कंत्राटदारामार्फत घेतलेल्या माणसाचा विमा भरला जातो की नाही, हे संस्थेच्या चिटणिसाने शेवटचे केव्हा पाहिले? याकोबाच्या पत्रातील पाचवा अध्याय आपण शेतमालकांसाठी राखून ठेवतो, पण अडवून ठेवलेल्या मजुरीचा आक्रोश ऐकणारे कान शेताच्या बांधापाशी थांबत नाहीत.

आणि पाळकाचे स्वतःचे काय? रविवार हा त्याचा सर्वांत श्रमाचा दिवस. आजारी, भांडणे, मयती यांना वार नसतो. इथ्रोने मोशेला लोकांच्या गर्दीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसलेले पाहिले तेव्हा त्याने त्याची स्तुती केली नाही. अशाने तू आणि हे लोक दोघेही झिजून जाल असे बजावले व काम वाटून देण्यास सांगितले. ज्या मंडळीत पाळकाला सोमवार किंवा दुसरा एखादा वार मोकळा ठरवून दिलेला नाही, तेथे पंचांनी तो ठरावाने द्यावा व त्या दिवशी बोलावणे आल्यास कोण जाईल त्याचे नावही त्याच ठरावात लिहावे. नाव लिहिले नाही तर तो दिवस कागदावरच राहतो, आणि पाळकीणबाईंना दारात उभे राहून तो राखावा लागतो.